संप हा शब्द 'संपणे'वरून आलाय का? आणि सगळ्यांनी एकाच दिवशी सुट्टी टाकली तर तो संप होतो का?

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंची हकीकत आधी थोडक्यात मांडते, कारण त्यात दोन-तीन गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत. हे नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कंपनीत काम करतात. ओव्हरटाइमच्या पैशावरून बरेच दिवस कुरबूर चालू होती, शेवटी त्यांच्या शिफ्टमधल्या बहुतेकांनी एकाच दिवशी सीएल, म्हणजे किरकोळ रजा, टाकली. घोषणा नाही, झेंडा नाही, गेटवर कोणी उभं नाही, सगळे आपापल्या घरी. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या हातात नोटीस, की बेकायदेशीर संपात सहभागी झाल्याबद्दल तुमच्यावर कारवाई का करू नये. यांचं म्हणणं असं की संप म्हणजे काम संपवणं, काम बंद पाडणं, आम्ही तर हक्काची सुट्टी घेतली, संप हा शब्दही कोणी उच्चारला नाही, मग तो आमच्यावर चिकटवला कसा, आणि मुळात हा शब्द आला कुठून.

मी नागपुरात कामगार न्यायालयात आणि औद्योगिक न्यायालयात वकिली करते, जास्त करून कामगारांच्या बाजूने, पण अधूनमधून मॅनेजमेंटकडूनही उभी राहिलेय, त्यामुळे अशी नोटीस कोणत्या डोक्याने लिहिली जाते ते माहीत आहे. तुम्हाला वाटून राहिलं की तुमचे प्रश्न दोन आहेत, एक शब्दाचा आणि एक नोटिशीचा. माझ्या मते तो एकच आहे. तुम्ही "काम थांबलं का" याच्यावर भांडताय आणि नोटीस देणारा "तुम्ही ठरवून केलं का" याच्यावर बोट ठेवतोय, आणि शब्दाचा इतिहास पाहिला तर दुर्दैवाने तो नोटीसवाल्याच्या बाजूने झुकतो. तुमची केस हरलेली आहे असं मी म्हणत नाही, ते पुढे सांगते.

पहिले शब्द. संप 'संपणे'मधून आला हे ऐकायला एकदम पटतं, कारण उच्चार सारखा आणि संपात काम थांबतंच, पण वापर तसं सांगत नाही. संपचा जुना अर्थ एकी, जूट, आपसातलं संगनमत. आजही गुजरातीत संप म्हणजे एकोपाच. घरातले भाऊ 'संपीने' राहतात असं गुजराती माणूस म्हणाला तर तो कौतुक करतोय, आणि त्यांची म्हणच आहे, "संप त्यां जंप", म्हणजे जिथे एकी तिथे शांती. आता ही म्हण आपल्याकडच्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर लावून पाहा, मॅनेजरला घाम फुटेल. गंमत म्हणजे कामगारांच्या स्ट्राइकला गुजरातीत हडताळ म्हणतात, हिंदीत हड़ताल, आणि एकीचा शब्द या कामासाठी मराठीने उचलला.

याचा पुरावा शोधायला डिक्शनरी लागत नाही, आपण संपासोबत कोणती क्रियापदं लावतो ते बघा. संप फुटला. संप फोडला. संप मोडीत काढला. काम बंद असणं ही गोष्ट फुटू शकते का? बंद असलेलं काम सुरू होतं, ते फुटत नाही. फुटते ती एकी, फोडली जाते ती जूट. म्हणजे "मॅनेजमेंटने संप फोडला" हे वाक्य आपण बोलतो तेव्हा जुना अर्थच वापरून राहिलो असतो, फक्त लक्षात येत नाही. याउलट "संप मिटला", "संप चिघळला" ही भांडणाची, दुखण्याची क्रियापदं, ती नवा अर्थ पक्का झाल्यावर येऊन चिकटली असणार असं मला वाटतं. आणि संप 'संपणे'तला असता तर "संप संपला" हे वाक्य किती विचित्र झालं असतं, तरी आपण ते आरामात बोलतो.

एकी या अर्थाचा शब्द काम बंद ठेवण्याच्या अर्थाकडे सरकला कसा, हे समजायला नागपूर सोडून कुठे जायची गरज नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं म्हणून नाव एम्प्रेस. आणि त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून तिथल्या विणकरांनी काम बंद केलं. भारतातल्या गिरण्यांमधल्या अगदी सुरुवातीच्या नोंदलेल्या संपांमध्ये हा धरतात, बरेच जण तर पहिलाच म्हणतात. आता गांधीसागरजवळ त्या जागेवर मॉल उभा आहे, नावात एम्प्रेस तेवढं उरलंय. मुद्दा असा की १८७७ मध्ये युनियन नव्हती, ट्रेड युनियन ॲक्ट यायला १९२६ उजाडायचं होतं, नोटीस वगैरे प्रकार नाही, वकील नाही, मालक-कामगारांमध्ये तडजोड घडवणारा सरकारी समेट अधिकारी नाही. त्या विणकरांकडे होतं काय? फक्त आपसात झालेलं एकमत, की आपल्यापैकी कोणीच आत जायचं नाही. एकमत हाच सगळा संप, काम थांबणं हा त्याचा परिणाम. कारणाचं नाव परिणामाला चिकटलं, आणि पुढच्या काही पिढ्यांत लोकांना परिणामच आठवत राहिला. पुढे रा. स. रुईकरांसारखे नेते नागपूरच्या गिरणी कामगारांना मिळाले, युनियनचं ऑफिस आलं, पावती आली, पण सुरुवात ही अशी.

दुसऱ्या भाषांनी हीच गोष्ट वेगळ्या बाजूने पकडली. इंग्रजीतला स्ट्राइक हा मारण्यातला नाही, १७६८ मध्ये तिकडच्या खलाशांनी मजुरीसाठी जहाजाची शिडं खाली उतरवली, शीड उतरवायला त्यांचा शब्द स्ट्राइक, तोच राहिला. फ्रेंच लोक ग्रेव्ह म्हणतात, ते पॅरिसमधल्या एका चौकाचं नाव, तिथे बेकार मजूर काम मिळायची वाट बघत उभे राहायचे, म्हणजे मूळ अर्थ काम शोधणं आणि आजचा अर्थ काम सोडणं, पार उलटा. आपला हरताळ दुकानदारांचा, हट्ट म्हणजे बाजार आणि त्याला टाळं, आणि ६ एप्रिल १९१९ ला रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी हाक दिली तेव्हा तो देशभर गेला.

हरताळचा विषय निघालाच तर थोडं थांबते, कारण या शब्दाच्या बाबतीत व्हॉट्सॲपवर भयंकर गोंधळ फिरत असतो. "नियमांना हरताळ फासला" यातला हरताळ बाजार बंदवाला नाहीच. हरताळ नावाचं पिवळं खनिज असतं, आर्सेनिकचं, जुन्या पोथ्या लिहिताना अक्षर चुकलं की त्याच्यावर हे पिवळं फासून ते झाकायचे. म्हणून हरताळ 'फासतात', आणि बाजारवाला हरताळ 'पाळतात'. इथेही क्रियापदच चुगली करतं. एकदा एका युनियनच्या पत्रकात "उद्या हरताळ फासण्यात येणार आहे" असं छापून आलेलं मी पाहिलंय, वाचून हसावं की पत्रक बदलायला सांगावं कळेना.

आता संप हा फक्त नोकराने मालकाविरुद्ध करायची गोष्ट आहे असं तुमच्या प्रश्नातून वाटतं, तेही तितकं खरं नाही. विधवांचं केशवपन करायला मुंबईतल्या न्हाव्यांनी १८९० मध्ये नकार दिला, नारायण मेघाजी लोखंड्यांनी त्यांना एकत्र आणलं, त्याला आपण न्हाव्यांचा संप म्हणतो. तिथे मालक कोण, पगार कोणता, मस्टर कुठे? तरी शब्द बरोबर बसतो, कारण सगळ्यांनी मिळून एका कामाला नाही म्हटलं. (हेच लोखंडे, ज्यांच्यामुळे त्याच वर्षी १० जूनपासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. तुमच्या सीएलची आजीच म्हणा ना ती.) १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस कामावर गेले नाहीत, म्हणजे शिक्षेच्या एकेका वर्षामागे एक दिवस, आणि मागणी मालकाकडे काहीच नव्हती. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला तो सहा वर्षं चालला. २०१७ मध्ये पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला तेव्हा टीव्हीवर एक साहेब विचारत होते की शेतकरी कोणाचा नोकर आहे, तो संपावर जाऊच कसा शकतो. त्यांना चरी माहीत नसावी. शेतकऱ्याने संप करणं हे भाषेच्या हिशोबाने अगदी बरोबर आहे, कायद्याच्या व्याख्येत ते बसत नाही ही वेगळी गोष्ट.

आता कायद्याकडे येते, कारण तुमची नोटीस तिथून आली. औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये संपाची जी व्याख्या होती तिचा मराठीत सरळ सारांश असा की उद्योगात काम करणाऱ्या लोकांच्या गटाने एकत्र मिळून काम थांबवणं, किंवा संगनमताने अथवा आपसातल्या समजुतीने काम करायला किंवा काम घ्यायला नकार देणं. तीन वेळा एकच गोष्ट सांगितलीय बघा, एकत्र मिळून, संगनमताने, आपसातल्या समजुतीने. एकट्या माणसाने काम सोडलं तर ती गैरहजेरी, वाटल्यास बेशिस्त, पण संप नाही. म्हणजे इंग्रजी कायद्याने नकळत आपल्या जुन्या मराठी संपाचाच अर्थ लिहून ठेवलाय. याला कारण आहे. इंग्लंडमध्ये १७९९ आणि १८०० ला कामगारांनी एकत्र येण्यावरच बंदी घालणारे कायदे झाले होते, ते १८२४ ला रद्द झाले. ते कायदे करणाऱ्यांना काम थांबण्याचा जितका राग होता त्याच्यापेक्षा मजुरांनी आपसात ठरवण्याचा जास्त होता. तो राग कायद्याच्या भाषेत मुरलेला आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून एक तरतूद चालत आलीय, दहा किंवा जास्त माणसं ठरवून, नोटीस न देता आणि योग्य कारण नसताना गैरहजर राहिली, आणि नोकरीच्या अटींमध्ये तसं लिहिलेलं असलं, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. एकटा माणूस एक दिवस गेला नाही तर एक दिवसाचा पगार जातो, दहा जण ठरवून गेले नाही तर आठ दिवसांचा जाऊ शकतो. फरक कामाच्या नुकसानाचा नाही, ठरवण्याचा आहे.

नागपूरवाल्यांना वेगळं सांगायला नको, पण बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात नेमकं याच्याविरुद्ध भाषण केलं होतं. तेव्हा संपाला शिक्षा ठेवणारं औद्योगिक कलह विधेयक आलं होतं. त्यांचा मुद्दा असा की कामावर न जाणं हा फार तर कराराचा भंग आहे, तो गुन्हा कसा होईल, माणसाला मनाविरुद्ध कामाला लावणं म्हणजे गुलामीच की. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला त्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. विधेयक तरी पास झालंच.

आता तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता २०२० लागू झालीय, आणि तिच्यातल्या संपाच्या व्याख्येत एक शेपूट जोडलंय, की एखाद्या दिवशी उद्योगातल्या ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी संगनमताने घेतलेली किरकोळ रजा हाही संप धरला जाईल. म्हणजे "आम्ही फक्त सीएल घेतली" हे उत्तर आधी वादाचं होतं, आता तर ते थेट व्याख्येतच अडकतं. आणि संपाआधी १४ दिवसांची नोटीस सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना लागते, आधीच्या केंद्रीय कायद्यात ती सक्ती फक्त लोकोपयोगी सेवांना होती. महाराष्ट्रात मात्र १९७१ च्या युनियन मान्यता आणि अनुचित प्रथांच्या कायद्यामुळे आपल्याला १४ दिवसांची सवय आहेच. शिक्षाही वाढली. १९४७ च्या कायद्यात बेकायदेशीर संपाला महिनाभर कैद किंवा ५० रुपये दंड होता, हो पन्नासच, नवीन संहितेत दंड हजार ते दहा हजार रुपये झालाय, कैद महिन्यापर्यंतच आहे.

तरी घाबरून जाऊ नका, कारण इथूनच तुमची बाजू सुरू होते आणि इथे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे. पहिलं म्हणजे ५० टक्के कशाचे? तुम्ही म्हणता आमच्या शिफ्टमधले बहुतेक. पण व्याख्येत शिफ्ट किंवा डिपार्टमेंट असा शब्द नाही, उद्योगात कामावर असलेले कामगार असा आहे. तीन शिफ्टच्या प्लांटमध्ये एका शिफ्टची बहुतेक माणसं म्हणजे एकूण कामगारांचा तिसरा हिस्साही भरेल की नाही शंका आहे. कंपनी म्हणेल त्या शिफ्टचंच धरा, तुम्ही म्हणा मस्टर काढा. पण फक्त त्याच्यावर विसंबू नका, कारण ५० टक्क्यांचं शेपूट हे जास्तीचं आहे, मूळ व्याख्या तशीच आहे, आणि कमी माणसांनीही संगनमताने कामाला नकार दिला असं सिद्ध झालं तर तो मूळ व्याख्येत बसू शकतो.

म्हणून दुसरा प्रश्न, संगनमत होतं का आणि ते सिद्ध कसं करणार. हे सिद्ध करायची जबाबदारी मुळात आरोप करणाऱ्याची. माझ्या अनुभवात अशा केसेस भाषणांवर पडत नाहीत, अर्जांवर पडतात. सगळे अर्ज एकाच हस्ताक्षरात, सगळ्यांचं कारण "घरगुती काम", सगळे एकाच वेळी टाइम ऑफिसच्या टेबलवर ठेवलेले, आणि वरून ग्रुपमध्ये कोणीतरी लिहिलेलं की उद्या जो जाईल तो गद्दार. हा एक मेसेज पुढे इन्क्वायरीत वीस पानी लेखी बयाणापेक्षा जड पडतो. उलट ज्याच्या घरी खरंच लग्न होतं, पत्रिका आहे, रजा चार दिवस आधीच मागितलेली, मंजूर झालेली, त्याला संपात ओढणं कंपनीला अवघड जातं. तुम्हा सगळ्यांच्या नोटिसा सारख्या दिसत असल्या तरी तुमच्या केसेस सारख्या नाहीत हे आधी लक्षात घ्या. रजा मंजूर झाली होती का, नाकारली होती का, की अर्जावर कोणी सहीच केली नाही, हे प्रत्येकाचं वेगवेगळं काढा.

तिसरं, कंपनीने हा शब्द का निवडला ते समजून घ्या. एका दिवसाची विनापरवानगी गैरहजेरी हा स्थायी आदेशांमध्ये, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या लेखी नियमांमध्ये, किरकोळ मामला असतो, ताकीद देऊन सोडतात. बेकायदेशीर संपात भाग घेणं किंवा दुसऱ्याला चिथावणं हे मोठं गैरवर्तन, त्यात बडतर्फीपर्यंत जाता येतं. दिवस तोच, माणूस तोच, शब्द बदलला की कलम बदलतं. आणि शंभर जणांना कोणी काढत नाही, त्या शब्दाच्या आधारे तीन-चार पुढारी वेगळे काढले जातात, बाकीच्यांकडून माफीपत्र लिहून घेतात. संप फोडणे म्हणतात ते हेच, फक्त इथे संप झाल्यावर फोडून राहिले.

या सगळ्यामुळेच गेल्या काही वर्षांत लोक संप हा शब्द टाळू लागलेत, आणि या टाळण्यातून शब्दाचा अर्थ पुन्हा हलतोय. पूर्वी संप हा छातीठोक शब्द होता. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप आमच्या घरी मोठी माणसं अभिमानाने सांगायची. मग १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही, गिरण्या गेल्या, माणसं गावाला गेली. तुमच्या 'संपणे'वाल्या व्युत्पत्तीला त्या संपाइतकं कडू उत्तर दुसरं नसेल. त्यानंतर संप म्हटलं की सामान्य माणसाच्या डोळ्यासमोर एकी येत नाही, उद्ध्वस्त चाळ येते, आणि बातम्यांमध्ये तर फक्त गैरसोय येते, रुग्णांचे हाल, प्रवाशांचे हाल.

मग नवीन नावं निघाली. काम बंद आंदोलन, लेखणी बंद, सामूहिक रजा, नियमानुसार काम, लाक्षणिक संप. शेवटच्यात संप आहे पण 'लाक्षणिक' लावून त्याची नखं कापलेली. डिसेंबरमध्ये नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की आमच्या सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर या सगळ्या नावांचे बॅनर एकाच दिवशी वाचायला मिळतात. (मोर्चा हाही तसलाच फिरलेला शब्द, मुळात किल्ल्याला वेढा घालताना तोफा लावायची जागा, मोर्चेबांधणी त्यातलीच, आता चालत येणाऱ्या माणसांचा झाला.) सगळ्यात डोकेबाज नाव निघालं २०२१-२२ च्या एसटीच्या आंदोलनात, बरेच कर्मचारी म्हणायचे हा संप नाहीच, सहकाऱ्यांनी आत्महत्या केल्या म्हणून आम्ही दुखवटा पाळतोय. वकील म्हणून मला त्याचं कौतुक वाटलं होतं, पण कोर्ट पाटी वाचून निकाल देत नाही, आत काय चाललंय ते बघतं. तुमच्या "सीएल"चंही तेच होणार, नाव काही द्या, प्रश्न येईल की ठरलं होतं का.

मालकाच्या बाजूचा शब्दही असाच घसरलाय. टाळेबंदी म्हणजे मालकाने वादाच्या काळात कारखान्याला टाळं लावून कामगारांना बाहेर ठेवणं. मार्च २०२० मध्ये पेपरवाल्यांनी लॉकडाउनला टाळेबंदी म्हणायला सुरुवात केली आणि आता तरुण पोरांना दुसरा अर्थच माहीत नाही. परवा एका ज्युनियरने जुन्या फाइलमध्ये "टाळेबंदीच्या काळातील वेतन" असं वाचून विचारलं, मॅडम तेव्हा पण कोरोना होता का.

पगाराचंही पटकन सांगते. त्या एका दिवसाचा पगार कापला तर त्याच्यावर भांडत बसू नका, १९९० मध्ये बँक ऑफ इंडिया विरुद्ध केलावाला या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने चार तासांच्या संपासाठी अख्ख्या दिवसाचा पगार कापणं मान्य केलंय. आठ दिवसांचा कापला तर मात्र नोकरीच्या अटी मागा, त्यात तशी अट नसेल तर ती कपात टिकवणं त्यांना कठीण. आणि कोणी सांगत असेल की संप हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे तर तसं नाही, संघटना काढणं मूलभूत हक्क आहे, संप नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९६२ पासून सांगितलेलं आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तर २००३ च्या तामिळनाडूच्या निकालात अजूनच कडक भाषा आहे. संपाचा हक्क कायद्याने दिलेला आहे, त्यामुळे तो कायद्याच्या अटींसकट येतो.

नोटिशीला उत्तर देताना एकत्र टाइप केलेलं, खाली सगळ्यांच्या सह्या असलेलं एकच पत्र देऊ नका. लोक प्रेमाने तसं करतात, "आपण सगळे एक आहोत" दाखवायला, आणि त्या पत्रानेच संगनमताचा पुरावा कंपनीच्या फाइलला लागतो. प्रत्येकाने आपापलं उत्तर द्या, आपल्या रजेची तारीख, कारण, मंजुरी, सोबत कागद. खोटं कारण लिहू नका, लग्न नसताना लग्न लिहिलं तर उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं. ओव्हरटाइमची मागणी मात्र वेगळ्या पत्राने, युनियनमार्फत, तारखेसह द्या आणि पोच घ्या, युनियन नसेल तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसात लेखी अर्ज द्या, कारण एकदा तो वाद समेट अधिकाऱ्यासमोर नोंदला गेला की कंपनीलाही हातपाय आवरून वागावं लागतं. तो चालू असताना तुम्हालाही संप करता येत नाही, हे विसरू नका. आणि पुढे खरंच संप करायचा ठरला तर १४ दिवसांची नोटीस देऊन, संप असं नाव घेऊनच करा. नोटीस दिलेला संप कोर्टात लपवाछपवीच्या सीएलपेक्षा कधीही चांगला लढता येतो.

ग्रुपवरचे मेसेज आता डिलीट करू नका. ज्याने कंपनीला स्क्रीनशॉट दिला असेल त्याच्याकडे ते आहेतच, तुमच्याकडे नसले तर त्याने पाठवलेला अर्धाच भाग रेकॉर्डवर येईल, आणि वरून पुरावा पुसला असंही म्हणतील.